ओंडक्याचं तोंड वाचून फळ्या कशा पाडाव्यात

मराठवाड्यात सॉ मिलवर येणारा ओंडका बहुतेक वेळा जंगलातला नसतो. बांधावरचा आंबा वाळतो, विहिरीजवळची चिंच वादळात आडवी होते, रस्ता रुंद करताना लिंब (कडुलिंब) जातो, आणि मालक ते खोड ट्रॉलीत टाकून मिलवर येतो. मिस्त्रीला एवढंच सांगितलं जातं, ‘इंची फळ्या पाडून द्या.’ मिस्त्री मग एका कडेने सुरुवात करून दुसऱ्या कडेला संपवतो. उन्हाळा सरतो तोवर काही फळ्यांची पन्हळ झालेली असते, मधली फळी उभी फाटलेली असते, एखादीला पीळ पडलेला असतो. लोक म्हणतात लाकूडच हलकं निघालं. खरं तर पहिला काप कुठे द्यायचा, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

पहिल्यांदाच स्वतःचं झाड चिरून घेणाऱ्यांसाठी आणि सुतारकाम नव्याने शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मिलवर मापं इंच-सुतात चालतात (८ सूत म्हणजे १ इंच), म्हणून इथेही तीच वापरली आहेत.

झाड तोडण्याआधी

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबारा घेऊन आधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जा आणि वाहतुकीचा पास लागतो का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या. कागद नसलेला माल चांगली मिल आत घेत नाही.

तोडायला आणि चिरायला कार्तिक ते पौष हा काळ उत्तम. थंडीत ओल हळूहळू निघते आणि चैत्र-वैशाखाच्या झळा सुरू होईपर्यंत फळ्यांतलं बरंच पाणी गेलेलं असतं. एप्रिलमध्ये चिरलेली ओली फळी आठ दिवसांत वरून करकरीत वाळते, आतून ओलीच राहते, आणि तिच्या अंगभर केसासारख्या भेगा पडतात. पावसाळ्यात चिरलं तर उलट त्रास: आंब्यासारख्या लाकडावर निळी-काळी बुरशी चढते.

लाकूड कोणत्या दिशेने किती आकसतं

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी. मोकळं पाणी निघून जाईपर्यंत फळीचं माप बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. ते सगळीकडे सारखं नसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडं आकसतं, आणि वलयाच्या (खोडाच्या वाढीच्या गोल रेघेच्या) कडेकडेने, म्हणजे खोडाला वळसा घालणाऱ्या दिशेत, सर्वात जास्त. सागाचे आकडे पाहा: हिरव्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत केंद्र-साल दिशेत सुमारे २.५ टक्के, वलयाच्या दिशेत सुमारे ५.८ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि साग तर स्थिर लाकूड म्हणून ओळखला जातो.

तोंडाकडून, म्हणजे कापलेल्या टोकाकडून, पाहिल्यावर वलयं फळीच्या रुंदीला समांतर पसरलेली दिसत असतील तर तिला आपण आडव्या वलयांची फळी म्हणू. वलयं फळीच्या जाडीतून उभी जात असतील, म्हणजे रुंद बाजूशी ६० ते ९० अंशांचा कोन करत असतील, तर ती उभ्या वलयांची. अधलीमधली ती तिरप्या वलयांची. एकाच ओंडक्यातून तिन्ही निघतात. झाड तेच आणि मिलही तीच असली तरी त्यांचं वागणं वेगळं असतं.

आपल्या हवेत हा फरक ठळक दिसतो. मे महिन्यात उघड्या खोलीतलं लाकूड ५ टक्के ओलाव्याच्या आसपास उतरतं आणि श्रावण-भाद्रपदात १४-१५ टक्क्यांवर चढतं. या दहा टक्क्यांच्या फरकाने १० इंच रुंदीची सागाची आडव्या वलयांची फळी सुमारे दीड सूत कमी-जास्त होते. तीच फळी उभ्या वलयांची असेल तर पाऊण सुताच्या आतच राहते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार पोळ्याला चौकटीत अडकतं आणि पावसाळ्यात केलेल्या दाराच्या फटीतून शिमग्याला उजेड दिसतो, त्यामागे हाच हिशोब आहे.

पन्हळ का होते, तेही यातूनच कळतं. आडव्या वलयांच्या फळीची सालीकडची बाजू वलयांना जास्त समांतर असते, म्हणून ती केंद्राकडच्या बाजूपेक्षा जास्त आकसते. परिणामी फळी सालीच्या बाजूला खोलगट होते आणि केंद्राच्या बाजूला फुगीर. तोंडावरच्या वलयांच्या कमानी सरळ व्हायला पाहतात, असं लक्षात ठेवलं तर कुठलीही फळी वाळल्यावर कुठे वाकेल ते आधीच सांगता येतं.

ज्या फळीत किंवा कडीत केंद्र अडकलेलं असतं ती फाटतेच. केंद्राभोवती वलयं पूर्ण गोल असतात. वळशाच्या दिशेत जास्त आकसायचं आणि केंद्राकडे कमी, हे गोल न फाटता जमत नाही. शिवाय केंद्राजवळचं लाकूड झाड लहान असतानाचं, कमकुवत, बारीक गाठींनी भरलेलं असतं. फर्निचरच्या कोणत्याही फळीत केंद्र ठेवू नका.

ओंडक्याचं तोंड आणि अंग

दोन्ही तोंडांचा इंचभर काप घेऊन ताजं लाकूड उघडं करा. सागाची वलयं स्वच्छ दिसतात. चिंच, लिंब, बाभूळ यांची पुसट असतात. तोंड पटाशीने थोडं तासून पाणी मारलं की बरीचशी उमटतात. नाहीच दिसली तर केंद्र शोधा, तिथे खिळा ठोका, दोरीला खडू बांधून दोन-तीन वर्तुळं काढा आणि खिळा लगेच उपटून टाका. केंद्र मधोमध असेल तर या वर्तुळांवर काम भागतं.

केंद्र एका बाजूला सरकलेलं दिसलं तर झाड कललेलं होतं. बांधावरची झाडं उजेडाकडे झुकतात. अशा खोडाच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिथे वलयं रुंद असतात तिथे, ताण धरलेलं लाकूड तयार होतं. ते चिरताना तंतू उपटल्यासारखं लवदार निघतं, रंधा बसत नाही, आणि ते लांबीतही आकसतं म्हणून फळीची कमान होते. या बाजूच्या फळ्या लांब कामाला न वापरता दोन-अडीच फुटांचे तुकडे करून वापरा.

मग अंग पाहा. सालीच्या भेगा किंवा साल काढल्यावर दिसणाऱ्या रेघा खोडाभोवती गुंडाळत वर गेल्या असतील तर झाडात पीळ आहे. फूटभर लांबीत रेघ एक इंचापेक्षा जास्त सरकत असेल, तर त्या ओंडक्याची तुळई, शिडी किंवा दांडा करू नका. त्यातून आखूड फळ्या निघतील, त्याही पीळ खातील. निलगिरीत हे फार आढळतं.

खिळे शोधल्याशिवाय ओंडका आऱ्यावर चढवू नका. रस्त्याकडेच्या लिंबात जाहिरातींचे खिळे असतात, बांधावरच्या झाडात तारेच्या कुंपणाचे आकडे, अंगणातल्या आंब्यात झोक्याच्या कड्या. झाड ते गिळून टाकतं आणि बाहेर फक्त एखादी फुगलेली गाठ राहते. बाभूळ, जांभूळ, आंबा यांत लोखंडाभोवती निळसर-काळा डाग पसरतो. तोंडावर असा डाग दिसला तर त्याच रेषेत पुढे-मागे कुठेतरी लोखंड आहेच. हातात धरायचा धातुशोधक मिळाला तर उत्तम. नाहीतर बुडख्याकडच्या पाच-सहा फुटांवरची साल काढून डोळ्यांनी आणि कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने तपासा. खिळ्याने आऱ्याच्या पोलादी पट्ट्याचे दात गेले की त्याचे पैसे मालकाकडून घेतले जातात, आणि तुटलेला पट्टा माणसाला इजा करू शकतो. काळ्या मातीतून ओढत आणलेला ओंडका धुऊन घ्या. सालीत बसलेले खडे दात बोथट करतात.

लांबी, माप आणि तोंडाचा लेप

वाळताना दोन्ही टोकांना तीन-चार इंच भेग जाते, म्हणून ७ फुटांच्या चौकटीसाठी ओंडका साडेसात फुटांचा ठेवा. ओंडका वाकडा असेल तर लांबी कमी करणं हाच खरा उपाय. १० फुटांत २ इंच बाक असेल तर त्याच ओंडक्याच्या ५ फुटी दोन तुकड्यांत प्रत्येकी अर्धा इंचच बाक उरतो. ‘लांब ठेवू, पुढे बघू’ या विचाराने बराच माल सालपटांत जातो.

तोडल्याच्या दिवशीच दोन्ही तोंडांना जाड लेप द्या. ऑइल पेंट, डांबर, मेण, काहीही चालतं. शेण आणि माती कालवून थापलं तरी आठ-पंधरा दिवस चांगला बचाव होतो. ते वाळून पडू लागलं की पुन्हा थापायचं. तोंडातून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने जातं, त्यामुळे लेपाशिवाय पडलेला ओंडका चिरण्याआधीच टोकांना फाटलेला असतो.

घनफूट काढायला मिलवर चौथाई घेराची रीत चालते: मध्यावरचा घेर इंचात घ्या, त्याला ४ ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. घेर ४८ इंच, लांबी ८ फूट असेल तर १२ × १२ × ८ ÷ १४४ = ८ घनफूट. खरं घनफळ १० घनफुटांच्या थोडं वर असतं. ही रीत साल आणि सालपटांची वजावट आधीच धरते. हाती येणारा चौकोनी माल खऱ्या घनफळाच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत धरा, वाकड्या ओंडक्याचा त्याहून कमी. आणि हा एवढासा ओंडका ओला असताना पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो, तेव्हा चढवायला माणसं त्या बेताने न्या.

चिरण्याच्या तीन रिती

पहिली सरळ चिराई. ओंडका न फिरवता एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत फळ्या पाडायच्या. वेळ कमी, नासाडी कमी. ३ ते ४ फूट घेराच्या ओंडक्याला मी हीच रीत सुचवेन, पण एका अटीवर. बाहेरच्या फळ्या आडव्या वलयांच्या निघतात, मध्याकडे येताना वलयं तिरपी होतात आणि केंद्रातून जाणाऱ्या एक-दोन फळ्या उभ्या वलयांच्या असतात. या मधल्या फळ्या ओंडक्यातल्या सर्वात स्थिर फळ्या असतात, फक्त त्यांच्या पोटात केंद्र असतं. म्हणून मिलवरच मधल्या फळीतून केंद्राची २ इंची पट्टी उभी कापून वेगळी करा. १४ इंच जाडीच्या ओंडक्यातून अशा दोन चार-चार इंची उभ्या वलयांच्या पट्ट्या हाती येतात. हे न करता अख्खी रुंद फळी घरी नेली तर वाळताना ती आपोआप केंद्रातून फाटते, आणि तीही वेडीवाकडी.

दुसरी फिरवून चिराई. सर्वात स्वच्छ बाजू आधी समोर घ्या, पातळ सालपट काढा, चार-पाच इंचांचा सपाट भाग मिळाला की थांबा. तिथून एक-दोन फळ्या घ्या, ओंडका फिरवा, समोरच्या बाजूने तेवढ्याच घ्या, मग उरलेल्या दोन बाजू. शेवटी केंद्राभोवतीची ४ × ४ किंवा ५ × ५ ची कडी उरते. गाठी जसजशा समोर येतील तसतसं फिरवत राहायचं. या रितीत फळ्या मुख्यतः आडव्या वलयांच्या मिळतात, सागात डोंगर-डोंगर दिसणारी नक्षी त्यांच्यातच असते, आणि पलंगाच्या माथ्याला किंवा कपाटाच्या पॅनलला लोक तीच मागतात. केंद्राची कडी खांबाला चालते. तिला भेग पडणार हे धरूनच, भिंतीत लपणाऱ्या बाजूने केंद्रापर्यंत एक उभी खाच आऱ्यावरच मारून घ्या. मग भेग तिथेच उघडते आणि बाकीच्या तीन बाजू बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

निलगिरीला ही रीत सोडून दुसरी लावू नका. तिच्या खोडात वाढतानाचा ताण कोंडलेला असतो. एकाच बाजूने फळ्या काढत गेलात तर काप चालू असतानाच फळी बाहेर वळते, उरलेला ओंडका दुसरीकडे वाकतो आणि पुढच्या फळीची जाडी मध्ये एक, टोकाला एक अशी येते. दर एक-दोन फळ्यांनी समोरासमोरच्या बाजू बदला म्हणजे ताण दोन्हीकडून सुटतो. आणि तोडल्यावर लगेच चिरा.

तिसरी चौथाई चिराई. ओंडका केंद्रातून दोन भागांत, मग प्रत्येक भाग पुन्हा दोनांत, असे चार फाक करायचे. प्रत्येक फाकेला केंद्रात मिळणाऱ्या दोन सपाट बाजू असतात. एका बाजूने एक फळी घ्या, फाक उलटवून दुसऱ्या बाजूने एक, पुन्हा पहिल्या बाजूने. सुरुवातीच्या फळ्या रुंद आणि उभ्या वलयांच्या, पुढच्या अरुंद आणि थोड्या तिरप्या. प्रत्येकीची केंद्राकडची कड इंचभर छाटून टाका. वेळ दुपटीच्या जवळ जातो आणि माल कमी निघतो. ५ फुटांपेक्षा कमी घेर असेल तर हा खटाटोप नको: ५ फूट घेर म्हणजे जेमतेम १९ इंच जाडी, तिच्या निम्म्यातून केंद्र, साल आणि सालीजवळचा पांढरा भाग वजा जाता सहा-सात इंचांचीच फळी मिळते. किनवट-माहूरकडचा जून साग किंवा मोठा शिसम हाती असेल आणि दाराच्या उभ्या पट्ट्या, खिडक्यांची तावदानं, ड्रॉवरच्या बाजू करायच्या असतील, तर मात्र हीच रीत घ्या.

आऱ्यावर उभं राहून काय पाहायचं

जाडी जास्त ठेवून कापा. तयार १ इंच हवी असेल तर आऱ्यावर ९ ते १० सूत. ४ × अडीच इंचाच्या चौकटीसाठी सव्वाचार × पावणेतीन. ही वाढीव जाडी आकसणं, थोडा बाक आणि दोन्ही बाजूंचा रंधा यांत जाते. पट्ट्याच्या आऱ्याने दर कापाला सुमारे २ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, गोल आरीने त्याच्या दुप्पट-अडीचपट. दहा फळ्यांत हा फरक एका अख्ख्या फळीइतका होतो, म्हणून महाग लाकूड गोल आरीवर देऊ नका.

ओंडका बुडख्याकडे जाड, शेंड्याकडे निमुळता असतो. तो तसाच मिलच्या ट्रॉलीवर ठेवला तर काप वरच्या सालीला समांतर जात नाही आणि वरच्या फळ्यांत रेशा (लाकडाचे लांब तंतू) तिरका कापला जातो. अशी फळी वजनाखाली रेशाच्या रेषेत सोलते. ताकदीच्या कामासाठी काप सालीला समांतर हवा. बुडखा १६ इंच आणि शेंडा १३ इंच असेल तर फरकाएवढं, म्हणजे तीन इंच, शेंड्याकडे पाचर देऊन उचलून घ्या. चार-पाच फुटी फर्निचरच्या फळीला एवढं करायची गरज नाही.

फळीवर लाटा उमटत असतील तर पट्टा डगमगतोय. दात बोथट, पट्टा सैल किंवा ट्रॉली जोरात ढकलली जातेय, यांपैकी काहीतरी असतं. जून चिंच आणि वाळलेली बाभूळ दात फार लवकर खातात. अशा ओंडक्याआधी धार लावलेला पट्टा चढवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. पहिल्या फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. दीड सुतापेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच काम थांबवा. पाच फळ्या झाल्यावर बोलण्यात काही मिळत नाही.

पट्ट्याच्या सरळ रेषेत कधीही उभं राहू नका. गळ्यातला गमजा काढून ठेवा, नाकावर रुमाल बांधा, आणि अडकलेली चिपाटी हाताने न काढता काठीने ढकला.

थप्पी

चिरलेल्या फळ्या त्याच दिवशी थपीला लागल्या पाहिजेत. एकावर एक चिकटून रात्रभर पडलेल्या आंब्याच्या फळ्यांवरही डाग दिसू लागतात.

जागा सावलीची, वारा फिरेल अशी. पत्र्याचं बंद शेड नको. मे महिन्यात ते भट्टी होतं. वाळवीसाठी जमिनीपासून फूट-दीड फूट उंची ठेवा. दर दोन फुटांवर विटांचे किंवा दगडांचे ठोकळे, त्यांवर आडव्या कड्या, आणि सगळ्या दोरी लावून एका पातळीत. ठोकळे वरखाली असतील तर अख्खी थप्पी त्याच आकारात वाळते आणि तो पीळ नंतर रंध्याने निघत नाही. फळ्यांमध्ये १ इंच चौरस, वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या ठेवा. साग-बाभळीला दीड फुटावर, आंबा-निलगिरीला फुटावर. प्रत्येक थरातल्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर डोक्यावर याव्यात आणि टोकांच्या पट्ट्या फळीच्या अगदी टोकाशी. ओल्या किंवा सालीच्या पट्ट्या वापरल्या तर त्या जागी कायमचे काळे पट्टे उमटतात. सर्वात वर शहाबादी फरश्यांचं वजन. पश्चिमेकडून झळा येत असतील तर त्या बाजूला गोणपाट लावा, पण थपीला न चिकटवता, हातभर लांब.

सालीजवळचा पांढरा थर भुसा पाडणाऱ्या किड्याचं आवडतं खाणं आहे. आंब्यात तर पक्का गाभा जवळजवळ नसतोच, म्हणून अख्खी फळीच धोक्यात. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक अॅसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवून ओल्या फळ्या त्यात बुडवा, मग दोन आठवडे प्लास्टिकने झाकून ठेवा म्हणजे औषध आत मुरतं, आणि नंतर थप्पी लावा. पावसात हे औषध धुऊन जातं, त्यामुळे घरातल्या कामापुरतंच धरा.

इंची आंबा थंडीत थपीला लागला की दोन-तीन महिन्यांत कामाला येतो. चिंच-बाभळीला चार ते सहा महिने द्या. अंदाजावर जाण्यापेक्षा थपीतला एक तुकडा दर आठवड्याला वजनकाट्यावर घाला. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच राहिलं की फळी हवेला जुळली.

कोणती फळी कुठे

दाराच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, चौकटी, ड्रॉवर यांना उभ्या वलयांचा माल. पॅनलला आडव्या वलयांची नक्षीदार फळी चालते, पण तिला खाचेत डिंक न लावता सैल बसवा आणि उन्हाळ्यात काम करत असाल तर रुंदीत दोन्हीकडे एकेक सूत जागा सोडा. चौरंग, पाट, बाकडं यांत आडव्या वलयांची फळी असेल तर केंद्राकडची बाजू वर ठेवा. मग वाकली तरी कडा खाली दाबलेल्या राहतात, मधल्या स्क्रूने फुगवटा धरला जातो आणि बाहेरच्या बाकड्यावर पाणी साचत नाही. रुंद टेबलासाठी एक १५ इंची फळी घेण्यापेक्षा तीन-चार इंचांच्या पट्ट्या जोडा. प्रत्येक पट्टीची पन्हळ इतकी छोटी राहते की रंध्यात निघून जाते.

काठवटीसाठी अर्धा ओंडका घेताना केंद्राच्या बाजूने किमान एक इंच लाकूड काढून टाका. ते राहिलं तर तळ किंवा तोंड त्याच रेषेत तडकतं. ओली असतानाच कोरून दीड इंच जाडीचे काठ ठेवा, दोन्ही टोकांच्या आडव्या रेशावर शेण-मातीचा लेप द्या, गोणपाटाखाली महिना-दोन महिने ठेवा आणि मगच शेवटचा हात फिरवा. कुऱ्हाडीचा दांडा किंवा बैलगाडीच्या चाकाचे आरे मात्र आऱ्यावर कापूच नयेत. बाभळीचं सरळ खोड पाचर मारून फोडावं. फोडताना चीर रेशाच्या वाटेनेच जाते, त्यामुळे एकही तंतू मध्ये तुटत नाही.

जुनं माळवद (मातीचं सपाट छप्पर) उतरवलं जात असेल तर त्याच्या तुळया आणि कड्या जळणाच्या भावात देऊ नका. त्यांतला साग कित्येक दशकं घराच्या छताखाली वाळलेला असतो, पुन्हा चिरल्यावर फारसा हलत नाही. त्यांचंही आधी तोंड पाहा. बहुतेक तुळया केंद्र धरून तासलेल्या असतात आणि मधली भेग उघडी दिसते. काप त्या भेगेतूनच घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना भेगविरहित फळ्या मिळतात. भिंतीत गेलेली टोकं वाळवीसाठी ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तिथपर्यंत छाटा. लोखंडी खिळे, कोयंडे, कड्या यांसाठी इंच न् इंच तपासा, आणि त्यावर थापलेली पांढरी माती ब्रशने घासून काढल्याशिवाय आऱ्याजवळ नेऊ नका.